इमर्जन्सीत म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी सोय हवीच

आमच्या इंदूरमध्ये आता मोठमोठी हॉस्पिटलं झालीयत, पण ऐंशी-पंच्याऐंशीचं माणूस रात्री इमर्जन्सीत नेलं की त्याचे काय हाल होतात यावर कोणी बोलतच नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात आत्याला न्यावं लागलं. सुदामा नगरला राहते, सकाळी स्वतः मेथी निवडत बसलेली आणि संध्याकाळी एकदम गप्प, विचारावं एक तर सांगणार भलतंच. गार्डने आम्हाला दारातच अडवलं, तिचा चष्मा आणि कानाचं मशीन माझ्या पर्समध्ये, आत ड्यूटी डॉक्टर हिंदीत भराभर विचारतोय आणि ही नुसती मान हलवतेय. मग बाहेर येऊन सांगतो, "अम्माजी की उमर हो गई है, ऐसा चलता है." अरे, सकाळपर्यंत नव्हतं ना चालत असं! शेवटी एका सिस्टरने मला आत घेतलं (देव तिचं भलं करो), मशीन कानात बसवलं, मी मराठीत विचारलं तेव्हा कुठे आत्या अडखळत म्हणाली, "अगं लघवीला जळजळतंय गं कधीचं." ताप अजिबात नव्हता. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं, सोडियमही खाली गेलेलं.

म्हातारपणी हे पुष्कळदा असंच असतं, इन्फेक्शन असून ताप येत नाही, हार्ट अटॅक येतो पण छातीत न दुखता नुसता दम लागतो नाहीतर गळून गेल्यासारखं होतं. आणि माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळला तर त्याला डिलिरियम म्हणतात, ते म्हातारचळ नव्हे, आत काहीतरी बिघडल्याची खूण आहे. बडबड करणारा पेशंट निदान लक्षात तरी येतो, गप्प पडून राहणारा झोपलाय असंच सगळ्यांना वाटतं. त्यात काही झोपेची आणि ॲलर्जीची औषधं हा गोंधळ आणखी वाढवतात.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या होली क्रॉस हॉस्पिटलने २००८ मध्ये ज्येष्ठांसाठी वेगळी इमर्जन्सी काढली, २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टर-नर्सेसच्या चार संघटनांनी मिळून नियमावली केली आणि २०१८ पासून अशा विभागांना तीन पातळ्यांवर मान्यता मिळते. त्यात असतं काय, तर जाड गादी, न घसरणारी फरशी, डोळ्यांवर न येणारा उजेड, समोर मोठं घड्याळ, गरज नसेल तर लघवीची नळी घालायची नाही, सगळी औषधं तपासायची, आणि घरी सोडताना हा माणूस चालू शकतो का, घरी कोण आहे हे विचारायचं. यातल्या निम्म्या गोष्टींना तर फारसा पैसाही लागत नाही! आपल्याकडे २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कव्हर आहे, ते चांगलंच झालं, पण दारातून आत गेल्यावरच्या पहिल्या तासाचं काय? घरातल्या एका माणसाला पेशंटजवळ थांबू द्या, एवढं तरी एमवायसारख्या सरकारी हॉस्पिटलपासून खासगीपर्यंत सगळीकडे सुरू करता येईल.

आणि घरच्यांनी "हे नेहमीचं नाही, आजच सुरू झालंय" असं डॉक्टरांना ठासून सांगायचं. गोळ्यांचा डबा अख्खा सोबत न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि माणूस डोक्यावर पडला असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, वरून साधं टेंगूळही दिसत नसलं तरी.