बैलाच्या पायाखालचा बाण

आमच्या शाळेच्या कुंपणाला लागूनच साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता आहे. दिवाळी उरकली की हंगाम सुरू होतो आणि उसाच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज दिवसभर वर्गात येत राहतो. मी इथे नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'गतीचे नियम'. जूनमध्ये तो मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवला, मुलांनी नियम पाठ केले, घटक चाचणीत मार्कही बरे पडले. डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन जवळ आलं म्हणून तोच धडा पुन्हा काढला. या वेळी मात्र टेबलावर पुठ्ठे, फुगे, स्ट्रॉ, बांबूच्या काड्या आणि बाटल्यांची झाकणं होती.

आधी फुग्याच्या गाड्या केल्या. फुग्यातली हवा मागे सुटते, गाडी पुढे पळते, एवढं सगळ्यांना माहीत. पण सहा गाड्यांपैकी चार जागच्या हलेनात. एका मुलीनं तापलेल्या दाभणानं झाकणाला भोक पाडलं होतं, ते मध्यापासून दाण्याएवढं बाजूला गेलं होतं. चाक फिरताना लंगडायचं आणि काडीला चिकटून थांबायचं. तिनं चार नवी झाकणं घेतली, कंपासनं वर्तुळाचा मध्य काढला आणि पुन्हा भोकं पाडली. मग गाडी वर्गाच्या दारापर्यंत गेली. घर्षण हा शब्द मी जूनमध्ये किती वेळा उच्चारला असेन! तो तिला त्या लंगड्या चाकात सापडला.

गाडी हातात घेऊनच तिनं विचारलं, "बाई, क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्याच असत्यात न्हवं? मग बैल गाडीला जेवढं ओढतो, तेवढंच गाडी बैलाला मागं ओढती. मग गाडी पुढं जाती कशी?"

वर्ग गप्प झाला. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत. उत्तर बरोबर होतं. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, हे मला चेहऱ्यावर दिसत होतं. बाहेरून एक भरलेली गाडी चालली होती, दीड-दोन टन ऊस तरी असेल. तिचं लक्ष तिकडेच होतं.

पुढचा तासही माझाच होता. प्रयोगशाळेतून दोन ताणकाटे, म्हणजे ओढ किती न्यूटन ते दाखवणारे स्प्रिंगचे काटे आणले, एकाचा आकडा दुसऱ्यात अडकवला. एका बाजूला वर्गातला सगळ्यात दणकट मुलगा, दुसऱ्या बाजूला सगळ्यात किरकोळ मुलगी. कुणाच्या काट्यावर जास्त दिसेल? जवळजवळ सगळे हात मुलाच्या बाजूनं वर गेले. त्यानं दात खाऊन ओढलं. दोन्ही काटे 30 न्यूटनवर. त्यानं जोर वाढवला, दोन्ही काटे बरोबरीनंच पुढे सरकले. मुलं उठून काट्यांभोवती जमली, काहींनी काटे बदलून पाहिले. न्यूटननं 1687 साली मांडलेला नियम त्या दोन काट्यांवर सरळ वाचता येत होता.

मग शिपाईमामांनी व्हरांडा झाडून दिला. आमच्या मुलांकडे बेअरिंगच्या गाड्या असतात, गॅरेजमधली टाकून दिलेली बेअरिंगं फळीला बसवलेल्या. तशा दोन गाड्या चार मीटर अंतरावर समोरासमोर ठेवल्या आणि त्या दोघांना त्यांवर बसवून मध्ये दोर दिला. गाडीसकट त्याचं वजन 62 किलो, तिचं 37. दोर फक्त त्यानं ओढायचा, तिनं नुसता धरून ठेवायचा. तरीही दोघं सरकली. मग फक्त तिनं ओढला, तरी तसंच झालं. ओढ दोघांवर सारखीच, म्हणून जड गाडी कमी सरकणार; त्या हिशोबानं मुलाची गाडी चारपैकी दीड मीटर यायला हवी होती, टेपनं मोजली तर सव्वा मीटरच आली. का कमी आली, हे मला सांगावंच लागलं नाही. "बेअरिंग घासतंय, बाई," दोघं-तिघं एकदम म्हणाले, "आणि जड गाडीचं जास्त घासतंय."

पण बैलाचा प्रश्न अजून तसाच होता. दोघंही एकमेकांकडे आली होती. बैल काही मागे गाडीकडे येत नाही.

तेव्हा मागच्या बाकावरचा, फारसा न बोलणारा एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांची ऊस वाहतुकीची बैलगाडी आहे. तो म्हणाला, "बाई, त्यो खाली उतरला की कळंल." दणकट मुलाला त्यानं गाडीवरून उतरवलं आणि फरशीवर अनवाणी उभा राहून दोर ओढायला लावला. मुलगी सरसर पुढे आली, तो जागचा हलला नाही. मग त्याच्या पायात मोजे घालायला लावले. आता ओढलं की तोही घसरत पुढे जायचा. मला फार आनंद झाला, पण मी मध्ये बोलले नाही.

"चिखलाच्या रानातनं गाडी काढताना असंच हुतंय," तो सांगू लागला. "बैल ताकद लावतोय, पर पाय घसरतोय. मग आबा पायाखाली उसाचं वाळलेलं पाचट टाकत्यात. पाचट टाकलं की पाय ठरतोय आणि गाडी निघती."

वर्गात गेल्यावर मी फळ्यावर बैलगाडी काढली. बैल गाडीला पुढे ओढतो तो एक बाण. गाडी बैलाला मागे ओढते तो तेवढाच दुसरा. जूनमध्ये मी इथेच थांबले होते. आता तिसरा काढायचा होता. बैल खुरानं जमीन मागे रेटतो आणि जमीन बैलाला पुढे रेटते. जमिनीचा हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला की बैल निघतो, आणि बैलाची ओढ चाकांच्या घर्षणापेक्षा जास्त झाली की त्याच्यामागे गाडी. प्रश्न विचारणारी मुलगी पुढे येऊन बाण बोटानं मोजत होती. गाडीवर कुठले, बैलावर कुठले, हे तिनं वेगवेगळ्या रंगाच्या खडूनं गिरवलं आणि मग म्हणाली, "आता कळलं."

गाडीवानाचा मुलगा अजून फळ्याकडेच बघत होता. जमिनीचा बाण मी बैलाच्या पुढच्या पायाशी काढला होता. तो फळ्याजवळ आला, मला विचारून त्यानं तो तळहातानं पुसला आणि मागच्या खुरांखाली नीट, जाड काढला.

"चढाला बैल मागच्या पायानं रेटतोय, बाई."

मी फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये' असं लिहून चौकट केली. पुढचे चार दिवस मराठीच्या आणि भूगोलाच्या बाईंनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर शिकवलं.