फॉर्मवरचा गरोदरपणाचा रकाना

मुलाच्या अतिचंचलपणाची, म्हणजे एडीएचडीची, तपासणी सुरू झाली तेव्हा हाती आलेल्या फॉर्मचे पहिले पान त्याच्याविषयी नव्हतेच. ते माझ्याविषयी होते. प्रसूती कितव्या आठवड्यात झाली, बाळाचे वजन किती होते, गरोदरपणी धूम्रपान, मद्यपान, औषधे? ‘३४ आठवडे, १९०० ग्रॅम’ एवढे झरझर लिहिले आणि औषधांच्या रकान्यापाशी पेन थांबले, कारण सातव्या महिन्यात तापासाठी पॅरासिटामॉल घेतल्याचे आठवले.

या सगळ्या रकान्यांना सारखेच महत्त्व नसते, हे पुढे वाचनातून कळले. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि कमी वजन यांचा संबंध सर्वांत भक्कम आहे. ३४ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असते आणि उरलेली वाढ गर्भाशयाबाहेर व्हावी लागते. जन्म जितका लवकर, तितका धोका अधिक. तरीही अशा बहुतेक मुलांना एडीएचडी होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यात धावपळीपेक्षा लक्ष न लागण्याचीच तक्रार जास्त आढळते. गर्भावस्थेतील मद्यपानही मेंदूला थेट इजा करते.

धूम्रपानाचे मात्र तसे सरळ नाही. एकाच आईने एका गरोदरपणी धूम्रपान केले आणि दुसऱ्या वेळी केले नाही, अशा सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर चंचलपणातला फरक बराचसा विरून जातो. म्हणजे धुरापेक्षा घराण्यातून आलेला वारसा अधिक बोलत असतो. (म्हणून सिगारेट निर्धोक ठरत नाही, वजन कमी भरण्याचे आणि लवकर प्रसूतीचे ते एक ठळक कारण आहेच.) पॅरासिटामॉलबाबतही २०२४ साली स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सुरुवातीला दिसलेला किंचित वाढीव धोका भावंडांच्या तुलनेत उरला नाही. ते वाचून मी किती वेळ नुसती बसून होते, हे सांगण्यात अर्थ नाही.

एडीएचडीमधील माणसामाणसांतल्या फरकाचा ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिकतेने उलगडतो, असे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. त्या फॉर्मवर घराण्याविषयीचा प्रश्न मात्र शेवटच्या पानावर, एका ओळीत होता. तिथे मी आधी ‘नाही’ लिहिले होते; मग माझे वडील एका जेवणात दोनदा तरी ताटावरून उठत, ते आठवले आणि मी तो शब्द खोडला.