खुर्ची कितीला पडली, आणि खरंच पालिकेत गेला होतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरी येणारा प्रत्येक जण आधी माझ्या खुर्चीवर बसून एक गिरकी घेतो आणि म्हणतो, "कितीला पडली?" मग पाठदुखीचं रामायण निघतं, आणि दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून येतो: "खरंच पालिकेच्या हॉस्पिटलात गेला होतात? मेडिक्लेम नाही का तुमचा?"

दोन्ही उत्तरं एकाच केसपेपरवर आहेत, म्हणून एकदमच देते.

मी भांडुपला घरूनच हिशेबाची कामं करते. छोट्या दुकानदारांची जीएसटीची रिटर्न्स. वीस तारीख जवळ आली की दहा-दहा तास बूड हलत नाही. करोनापासून बैठक जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीवर, पाठीला सोफ्याची उशी. एका मार्चअखेरीला डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ थेट पोटरीत उतरली आणि उभं राहायला भिंत धरायची वेळ आली.

आधी गेले ती खाजगीतच. काउंटरवरच्या मुलीने नावाच्या आधी मेडिक्लेम विचारला. डॉक्टर बोलायला चांगले होते. एमआरआय पाहून म्हणाले, मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेलीय, ऑपरेशन करता येईल, क्लेममध्ये बसेल. ऑपरेशन नको असेल तर? तर फिजिओथेरपी. एका वेळेचे 900 रुपये, निदान वीस वेळा. ते क्लेममध्ये बसतं? नाही. घरी येऊन पॉलिसीची बारीक अक्षरं वाचली. हॉस्पिटलात दाखल व्हायला हवं, तेही चोवीस तास. म्हणजे पाठ कापून घेतली तर कंपनी दीड-दोन लाख देणार, आणि व्यायाम शिकायचा तर अठरा हजार माझे. दुसऱ्यांच्या वह्या जुळवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे गणित झोपू देईना.

सरकारी कार्डांचंही फार वेगळं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की 2018 साली आलेली आयुष्मान भारत, पाच लाखांचं संरक्षण आहे ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना. कार्ड मिळालं म्हणजे आरोग्याची सोय झाली असं आपण धरून चालतो. कंबर धरून बसलेल्या माणसाला रोज अर्धा तास कोणीतरी हात धरून उठायला शिकवणं, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "पालिकेत जा की. माझ्या सासऱ्यांचा लुळा पडलेला हात तिथेच सुटला." मी गेले. खरं सांगायचं तर श्रद्धेने नाही, अठरा हजारांकडे बघून गेले.

दहा रुपयांचा केसपेपर. सकाळी साडेसातची रांग, आपल्यापुढे कोण आहे हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. हाडांच्या ओपीडीत डॉक्टरांनी माझ्यासाठी चार मिनिटं काढली असतील, पण त्या चार मिनिटांत पाय वर उचलून बघितला, पिनेने टोचून बघितलं, टाचांवर चालवलं. खाजगीत यातलं काही झालं नव्हतं. तिथे फक्त फिल्म बघितली होती. "पायाची ताकद शाबूत आहे, सहा आठवडे व्यायाम करा, मग बघू," एवढं म्हणून मला फिजिओथेरपीत धाडलं. एमआरआय माझा बाहेर झालेला होता हे माझं नशीब. रांगेतल्या शेजारणीला सव्वा महिन्यानंतरची तारीख मिळाली होती. स्वच्छतागृहाबद्दल काही लिहीत नाही.

फिजिओथेरपीत एक पंचविशीतली मुलगी होती. तिने मला पहिल्या वाक्यात "काकू" केलं, ते मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. मी फोनमध्ये बत्तीस हजारांची खुर्ची निवडून ठेवली होती, ती तिला मोठ्या उत्साहाने दाखवली. तिने बघितलीसुद्धा नाही. विचारलं, "एकदा बसलात की किती वेळाने उठता?" मग टेप काढली. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंत 15 इंच. बसल्यावर पाठीपासून त्याच खळगीपर्यंत 17. दोन्ही आकडे केसपेपरच्या मागे लिहिले आणि म्हणाली, "सीट पंधरा, फार तर साडेपंधरा इंच खोल हवी. ही तुमची बत्तीस हजारांची वीस इंचांची आहे. पाठ टेकायला मागे सरकाल तर कड गुडघ्यामागे रुतेल, आणि पुढे सरकाल तर पाठीला आधारच नाही."

पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. खुर्चीला चपलेसारखं माप असतं. हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची प्रसिद्ध एरॉन खुर्ची 1994 साली आली तीच मुळी तीन मापांत. आपल्याकडे मात्र एकच खुर्ची सगळ्या ऑफिसात, सहा फुटी साहेबालाही आणि मलाही.

तो केसपेपर पर्समध्ये घालून मी जोगेश्वरीला ओशिवराच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेले. करोनानंतर बंद पडलेल्या ऑफिसांच्या खुर्च्या तिथे ढिगाने आल्या होत्या. दुकानदाराने केसपेपर उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "डॉक्टरने खुर्ची लिहून दिली?" मग मात्र त्याने मनापासून काढून दाखवल्या. मी टेप लावत गेले. अकरावी बसली. सीट पुढे-मागे सरकते, कमरेचा फुगवटा वर-खाली होतो आणि माझ्या कमरेच्या खळग्यात येतो, हात टेकायचे दांडे टेबलाखाली जातात. जाळीची पाठ, कारण मुंबईच्या दमटपणात रेक्झिनची दोन वर्षांत सालं निघतात. डोकं टेकायची उशी नव्हती, ती लागतही नाही; टाइप करताना कोणी डोकं टेकत नाही. वीस मिनिटं बसून राहिले, दुकानदाराने चहा मागवला. 6,500 रुपये, टेम्पोचे वेगळे.

घरी आल्यावर नवी भानगड. टेबल तीस इंच उंच. कोपर टेबलाच्या पातळीला यायला खुर्ची वीस इंचांवर न्यावी लागली आणि पाय लटकले. पाय लटकले की मांडीखाली दाब येतो, मग माणूस पुढे घसरतो आणि सगळं मुसळ केरात. सत्यनारायणाचा चौरंग अगदी मापाचा होता, पण सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. शेवटी जेवणाचे दोन पाट एकावर एक. अजून तेच आहेत. लॅपटॉपखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि वेगळा कीबोर्ड. आणि पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरात, म्हणजे अर्ध्या तासाने उठावंच लागतं. हे शेवटचं त्या मुलीचं, आणि माझ्या मते खुर्चीपेक्षा गुण त्याचाच जास्त.

हे सगळं ऐकून बहिणीचे यजमान म्हणाले, "पण आपल्यासारख्यांनी तिथे जाऊन गरिबांची जागा अडवू नये. आणि पालिकेला जमत नसेल तर द्यावं खाजगीला चालवायला." त्यांचा मुलगा इंग्लंडात आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा 1948 पासून करांवर चालते, आणि तिथल्या प्रतीक्षायादीची कहाणी ते प्रत्येक दिवाळीला सांगतात. खोटी नाही ती. तिथे तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत अठरा आठवड्यांची मर्यादा नियमातच आहे, आणि ती सर्रास ओलांडली जाते. मी म्हटलं, भाऊजी, रांग दोन्हीकडे आहे. इकडे ती पैशांची आहे, म्हणून दिसत नाही.

आपल्याकडे देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा देणाऱ्या भोर समितीने 1946 सालीच सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये. मुंबई पालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं, त्यातला साधारण दहावा हिस्सा आरोग्याला. पैसा अगदीच नाही असं म्हणता येत नाही. पण त्या फिजिओथेरपी विभागात पंखा दोन महिने बंद होता, आणि मार्च 2022 पासून तेव्हा पालिकेवर नगरसेवकांऐवजी प्रशासक होता, त्यामुळे नगरसेवकाकडे जाऊन आरडाओरडा करायचीही सोय नव्हती. शेवटी व्यायामाला येणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आठवड्याला एक अर्ज या हिशेबाने सात अर्ज दिले, तेव्हा तो फिरला. रांगेतल्या बाकीच्यांना अर्ज देण्यासाठी रोजगार बुडवणं परवडलं नसतं. म्हणून जागा अडवण्याचा आरोप मला पटत नाही. आम्ही सगळे मेडिक्लेमवाले तिथून उठलो तर अर्ज कोण देणार?

खाजगीला चालवायला द्यावं या म्हणण्यावर माझ्याकडे मोठा सिद्धान्त नाही. मला फक्त ती मुलगी आठवते. मी बत्तीस हजारांची खुर्ची घेतली काय, साडेसहा हजारांची घेतली काय, तिचा पगार तोच. माझं ऑपरेशन झालं असतं तरी तोच. ती स्वतः एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची, ज्याचा एक पाय क्रेप बँडेजने बांधलेला होता.

सहा आठवड्यांनी कळ पोटरीतून वर सरकत कमरेत आली, ते म्हणे चांगलं लक्षण. चार महिन्यांनी गेली. अधूनमधून वीस तारखेच्या आसपास आठवण करून देते.

आणि हो, केसपेपरच्या मागच्या बाजूचा फोटो मागू नका. तिघींना पाठवला आणि त्यातल्या एकीने माझ्या मापाची खुर्ची आणली. ती पाच फूट सात इंच आहे.