प्रिय रुतुजा

माझ्या मुलीचं नाव ऋतुजा. जन्मदाखल्यावर, आधारवर, रेशनकार्डावर तसंच आहे. फक्त शाळेच्या जनरल रजिस्टरला 5वीच्या प्रवेशावेळी कुणीतरी 'रुतुजा' लिहिलं. दुरुस्तीचा अर्ज 'देऊ पुढच्या वर्षी' म्हणत मी 4 वर्षं ढकलला. त्या आळसाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

जानेवारीत माझ्या व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, 'प्रिय रुतुजा, 10वीची तयारी आत्ताच सुरू करा!' दुसऱ्या दिवशी त्याच क्लासच्या कंपनीतून फोन. "रुतुजाची आई ना? 9वी ब. 8वीत 71 टक्के म्हणजे गणिताकडे बघायला हवं, मॅडम."

मी सांगलीत विश्रामबागला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. खातेदाराचा नंबर त्याच्या सख्ख्या भावाने मागितला तरी आम्ही देत नाही. आणि इथे माझ्या पोरीचे टक्के कुठलीशी परकी बाई मलाच ऐकवत होती. जाहिरातीचे फोन बंद व्हावेत म्हणून 1909 वर डीएनडी टाकलं. फोन कमी झाले, पण नव्या नव्या नंबरांवरून येतच राहिले.

शाळेत गेले. ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब म्हणाले, "आमच्याकडून कशाला जाईल, ताई? तुम्हीच कुठेतरी फॉर्म भरला असेल." मी मेसेज पुढे धरला. 'रु'कडे ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सरांना विचारा." मुख्याध्यापक सर मीटिंगला गेले होते. पुढचे दोन्ही हेलपाटे तसेच.

शाळा अनुदानित, म्हणजे 2005 चा माहिती अधिकार कायदा लागू. नमुना 'अ', 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मजकूर 150 शब्दांत. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'कंपनीला दिलेल्या यादीची प्रत मिळावी.' रात्री भांडी घासताना डोक्यात आलं, ती प्रत मिळाली तर सगळ्या वर्गाचे नंबर माझ्या घरात येतील. मग मीही त्या कंपनीच्याच रांगेत. सकाळी अर्ज बदलला: यादीत कोणते रकाने होते, कुणाच्या परवानगीने दिली, पालकांची संमती घेतली का, आणि फक्त माझ्या मुलीची ओळ. भाऊसाहेब "ठेवून जा" म्हणाले. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मी हलले नाही.

28व्या दिवशी उत्तर आलं: 'अशी कोणतीही यादी या कार्यालयामार्फत अधिकृतपणे देण्यात आलेली नाही.' त्या 'अधिकृतपणे'खाली मी पेनाने रेघ मारली, 20 रुपयांचं तिकीट लावलं आणि पहिलं अपील केलं. अपिलीय अधिकारी कोण, तर मुख्याध्यापकच. त्यामुळे सुनावणी त्यांच्याच केबिनमध्ये, चहासकट.

वर्गशिक्षिका बाईंना बोलावलं. डिसेंबरमध्ये कंपनीने फुकट 'कल चाचणी' घेतली होती आणि प्रमाणपत्रांवर छापायला नावं मागितली होती. बाईंनी मोबाईलमधली एक्सेल फाइल जशीच्या तशी पाठवून दिली. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला, बाकीच्या ओळी हाताने झाकून. नाव, तुकडी, जन्मतारीख, आईचा मोबाईल, 8वीचे टक्के, जातीचा प्रवर्गसुद्धा. प्रमाणपत्राला यातला एक रकाना पुरला असता. "मला वाटलं शाळेचंच काम आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांचा राग आला नाही. शाळेची निम्मी कामं बाई स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर करतात. राग आला तो 'अधिकृतपणे'चा.

सर म्हणाले, "पण कायद्याने यात चुकलं काय?" मी तयारीने गेले होते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. मुलांवर नेम धरून जाहिराती करायला मनाई करतो. दंड 200 कोटींपर्यंत. मात्र नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि ही कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तेही मी सांगून टाकलं, उगाच खोटा धाक कशाला दाखवायचा.

"म्हणजे अजून वेळ आहे," सर म्हणाले.

मी कप खाली ठेवला. "फोन आत्ता येतायत, सर."

यादी नष्ट करा, असं पत्र शाळेने कंपनीला पाठवलं. पालक-शिक्षक संघाच्या सभेत ठराव झाला, की बाहेरच्या कुणालाही मुलांची माहिती द्यायची तर आधी पालकांची लेखी संमती. कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं, 'आपला क्रमांक काढण्यात आला आहे.' क्रमांक काढला. यादीबद्दल एक अक्षर नाही. फोन मात्र थांबले.

मेच्या सुट्टीत पुन्हा मेसेज आला. कंपनी वेगळी, रंग वेगळे, वर तेच, 'प्रिय रुतुजा'.

नावदुरुस्तीचा अर्ज जन्मदाखला जोडून कपाटात तयार आहे. बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी द्यायलाच हवा. पण एकदा का रजिस्टरला 'ऋ' लागला, की यापुढचा मेसेज कुठून फुटला हे ओळखायची माझ्याकडची एकुलती एक खूण जाणार. म्हणून जून उजाडेपर्यंत थांबलेय.