आमची वाटचाल : हप्त्यावरचं सॉफ्टवेअर, रोखीचं नाव

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पेजमेकर ह्या सॉफ्टवेअरवर छपाईची पानं लावून आम्ही सुरुवात केली. बटर पेपरवर प्रिंट काढायची, प्लेटवाल्याकडे पळायचं. पुढे पेजमेकरच्या जागी इनडिझाइन आलं. मे २०१३ मध्ये ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने जाहीर केलं की पुढची आवृत्ती विकत मिळणार नाही, क्रिएटिव्ह क्लाउडचं भाडं भरा. तेव्हा ओळखीच्या बऱ्याच जणांनी क्रॅक, म्हणजे चोरीच्या प्रती, टाकल्या. आम्ही लायसन घेतलं. सीएस६ ही विकत मिळालेली शेवटची आवृत्ती मात्र एका जुन्या मशिनवर आजही ठेवलीय, कारण पेजमेकरची फाइल उघडणारं शेवटचं इनडिझाइन तेच.

मधली वर्षं बरी गेली. सांगायचंय ते ऑक्टोबर २०२१ चं.

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचा रिझर्व्ह बँकेचा नवा नियम १ तारखेला लागू झाला. तेव्हा पाच हजारांवरच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागायचा. नियम चांगलाच, पण आमच्या बँकेची तयारी नव्हती. ओटीपी येईना, हप्ता जाईना, आणि ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात इनडिझाइन बंद पडलं. फाइली डोळ्यांसमोर, उघडता एकही येईना.

ही बातमी चौकातल्या एका गृहस्थांनी आमच्या गिऱ्हाइकांना आमच्याआधी पोचवली. ‘त्यांचं दुकान हप्त्यावर चालतं, माझं सॉफ्टवेअर कायमचं आहे.’ कायमचं म्हणजे क्रॅकचं, हे सांगितलं नाही. दोन अंक त्यांनी उचलले. पानाचा दर आमच्या निम्मा. सॉफ्टवेअर फुकटात असल्यावर कुणालाही परवडेल!

अण्णा तेवढे हलले नाहीत. पेजमेकरच्या काळापासून त्यांचा अंक आमच्याकडे. दुकानात आले, खिशातून स्वतःचं कार्ड काढलं, ‘घाला नंबर’ म्हणाले. त्यांच्या बँकेचा ओटीपी लगेच आला.

उचललेल्या अंकांचं काय झालं? लेखक मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं त्या मराठीत, पाठवतात, त्या गृहस्थांचं इनडिझाइन जुनाट, म्हणून सगळं कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात. त्यात ‘कऱ्हाड’चं झालं ‘कर्हाड’. छापलेला अंक मी स्वतः भिंगाखाली पाहिला. आम्ही इनडिझाइनमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावल्याशिवाय मराठी ओळ जुळवत नाही. तो नसला की अक्षराच्या आधी यायची पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. ह्यांना ते नावही माहीत नसावं.

नव्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी. हप्त्याला दोन वेगळ्या बँकांची कार्डं जवळ ठेवा. वार्षिक करार मध्येच मोडला तर पैसे कापतात, आधी वाचा. बिलावर जीएसटी नंबर घाला, इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळतं. आणि काम संपलं की पॅकेज करून (फाइल, फॉन्ट, चित्रं एका फोल्डरात) सोबत जुन्या इनडिझाइनमध्येही उघडणारी आयडीएमएल फाइल काढा, घरच्या हार्ड डिस्कवर. क्लाउडवर नव्हे!

त्या दोनांपैकी एक अंक परत आला, पण दर त्या गृहस्थांचाच मागतो. दुसऱ्याकडून आम्ही लावून दिलेल्या पानांच्या बिलाचे पैसे अजून यायचेत.