टण्ण की ढब्ब

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आजोबांना जाऊन आज महिना झाला. ९१ वर्षं जगले. त्यातली ३६ वर्षं कोळशाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात.

संध्याकाळी आत्याचा फोन आला, बराच वेळ बोललो. शोकसभेचा विषय निघाला आणि मी इतके दिवस गिळून ठेवलेलं बोलून टाकलं. त्या दिवशी जो उठला तो एकच शब्द बोलला. कष्टाळू. पहिल्यांदा ऐकताना डोळे भरले, चौथ्या-पाचव्यांदा मात्र चीड यायला लागली. अहो, कष्ट बैलही करतो. आजोबांना येत होतं ते काहीतरी वेगळंच होतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. म्हणून आता लिहितोय.

त्यांना ऐकता येत होतं.

खाणीत छत तपासायची एक जुनी रीत आहे. डाव्या हाताची बोटं छताला टेकवायची आणि उजव्या हातातल्या लोखंडी कांबेनं शेजारी ठोकायचं. टण्ण वाजलं तर दगड एकसंध. ढब्ब वाजलं तर वरचा थर सुटलाय, मध्ये फट आहे, आज ना उद्या खाली येणार. काही वेळा कानाला कळत नाही, पण बोटांना बारीकशी थरथर लागते. हे त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात, माझी बोटं चौकटीवर दाबून धरून शिकवलं होतं. मी असेन आठ-नऊ वर्षांचा. चौकटीवर काठी आपटून विचारायचे, "काय म्हणते?" मी काहीतरी ठोकून द्यायचो. "कानानं नको सांगू, बोटानं सांग."

ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेरानं दोन टिचक्या. कॉलेजात असताना मला याची भयंकर लाज वाटायची. मित्राच्या घरी एकदा त्यांनी नवंकोरं खोटं छत ठोकून "हे कशाला टांगलंय?" असं विचारलं होतं, तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं. (खाणवाल्याच्या नातवाला हा वाक्प्रचार शोभत नाही, पण असो.)

लाकडी टेकूंवर त्यांचा भारी जीव. लाकूड बोलतं, म्हणायचे. वजन वाढलं की आधी करकरतं, मग त्याचे तंतू तुटायला लागतात, माणसाला पळायला वेळ देतं. लोखंड मुकं. हे मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. सगळ्यात जास्त ऐकावं लागायचं ते खांब काढताना. कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच मोठाले खांब सोडतात, त्यांच्यावर छत तोलून धरलेलं असतं. शेवटी मागे मागे सरकत ते खांबही काढून घेतात आणि मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. "घराचे खांब काढत काढत दाराकडे यायचं," असं ते समजावून सांगायचे. त्या कामात कुणी मोठ्यानं बोलत नसे. का, ते विचारावं लागलं नाही.

वायूचं मात्र ऐकू येत नाही. मिथेन हवेपेक्षा हलका, छताशी जाऊन साचतो, त्याला वास नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असलं की एका ठिणगीनं स्फोट होतो. जाळीच्या दिव्याची ज्योत बारीक करून हळूहळू वर नेली आणि तिच्यावर फिकट निळी टोपी दिसली, की समजायचं. शाळेत मी हम्फ्री डेव्हीच्या १८१५ सालच्या दिव्यावर निबंध लिहिला होता. बारीक जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाहेरचा वायू पेटत नाही, वगैरे. आजोबांनी वाचला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण एक राहिलं. दिवा आला म्हणून जिथं आधी कुणी पाऊल टाकत नव्हतं तिथंही माणसं उतरवली." मी ते वाक्य घातलं नाही. गुण कमी होतील असं वाटलं.

आत्याला यातलं फारसं आठवत नाही. तिच्या आठवणीतले बाबा म्हणजे झोपलेले बाबा. रात्रपाळी असली की दिवसभर घरात कुजबुज. हिवाळ्यात दिवसपाळी असली की उजाडायच्या आत खाली आणि अंधार पडल्यावर वर. "आम्ही त्यांना उन्हात बघितलं ते फक्त सुट्टीच्या दिवशी," ती म्हणाली. सुट्टीच्या दिवशी ही भावंडं त्यांच्या हातांवरच्या निळ्या रेघा मोजायची. खरचटल्यावर जखमेत कोळशाची भुकटी राहून जाते, वरून कातडी धरते आणि गोंदल्यासारखी निळी खूण कायमची राहते. डाव्या मनगटाजवळ एक होती, इंग्रजी सातच्या आकड्यासारखी. शेवटच्या दिवसांत हात सुकून गेला, पण सात तसाच.

आणि चपला. हे आत्यानंच आठवण करून दिलं. खाणीत उतरताना नंबराचा बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा; वर आलं की दिवा परत, बिल्ला परत. पाळी संपल्यावर फळीवर एखादी दिव्याची जागा रिकामी असली, तर कुणीतरी अजून खाली आहे. आजोबा रात्री झोपण्याआधी दाराशी जाऊन चपलांचे जोड मोजायचे. एक कमी असला की आडवे व्हायचे नाहीत, खुर्चीत बसून राहायचे. काका एकदा पहाटे तीनला आला. आजोबा काही बोलले नाहीत, उठले, त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि झोपायला गेले. काका सांगतो, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

फुप्फुसांनी शेवटी हिशेब मागितलाच. अगदी बारीक धूळ आत खोलवर जाऊन बसते, ती काढता येत नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टर त्यांच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकत होते आणि आजोबा मान कलती करून अगदी जाणकारासारखे ऐकत होते. मध्येच म्हणाले, "खाली ढब्ब आहे." डॉक्टर हसले. म्हणाले, आजोबा, इथं उलटं असतं. छाती पोकळ वाजली तर चांगलं, भरीव वाजली तर आम्हाला काळजी. आजोबा परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जन्मभर शिकलो त्याच्या बरोब्बर उलट." आणि खोकला येईपर्यंत हसले.

नंतर मी वाचलं की छाती ठोकून बघायची ही पद्धत आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरनं १७६१ मध्ये मांडली, आणि त्याचे वडील खानावळ चालवायचे. पिंपात किती माल उरलाय ते ठोकून बघतात, ते त्यानं लहानपणी पाहिलेलं असणार असं म्हणतात. आजोबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, मग तो आमच्यातलाच.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. काठी टेकत सगळ्या खोल्या फिरले, ठोकत ठोकत. बाथरूममध्ये थांबून म्हणाले, दाराकडून तिसरी फरशी, खाली चुना-सिमेंट काही नाही, पोकळ आहे. मी हो हो म्हणून सोडून दिलं.

आत्याचा फोन ठेवला आणि जाऊन बघितली. बोटं टेकवली, कंगव्याच्या मुठीनं ठोकली. ढब्ब. एका कोपऱ्यातून हलतेसुद्धा आहे. उद्या गवंड्याला बोलवायला हवं.