साधनेची वही : सध्या फक्त बैठक

या महिन्यात नवं आसन एकही घेतलं नाही. स्वस्तिकासनातली, म्हणजे पावलं मांडी-पोटरीच्या मध्ये घेऊन घातलेल्या मांडीची बैठक, तिच्यावरच काम चाललंय. नव्याने सुरू केलेल्यांना हे कंटाळवाणं वाटेल, पण पतंजलींनी योगसूत्रांत आसनाला किती जागा दिलीय ते बघा. दोनशेच्या आत सूत्रं, त्यांत आसनावर थेट तीन. स्थिर आणि सुखाचं ते आसन, हे पहिलं. ते साधतं प्रयत्न सैल सोडून आणि चित्त अनंताशी लावून, हे दुसरं. मग थंडी-ऊन, सुख-दुःख टोचत नाही, हे तिसरं. शीर्षासनाचं नावही नाही.

माझं घोडं अडलंय ते प्रयत्न सैल सोडण्यावर. बाहेरून बैठक ठीक दिसते. घोंगडीची घडी बुडाखाली घेतल्यापासून गुडघे टेकतात, कंबर मागे ढळत नाही. आत पाहावं तर जबडा आवळलेला, जीभ टाळूला रेटलेली, उजवी जांघ ताठ. जबडा सोडला की खांदे वर चढतात, खांदे सोडले की पाठीला पोक. एकेक जागा उच्छ्वासाबरोबर सोडत जायची. अलीकडे एवढं झालं की श्वास आपसूक बारीक होतो, मुद्दाम लांबवावा लागत नाही. आसन जमल्यावरच प्राणायाम, हा सूत्रांतला क्रम का, ते आता अंगाला कळतंय.

मनाचं मात्र विचारू नका. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजून होतात. योगसूत्रांच्या पहिल्या भागात, समाधिपादात, नऊ अंतराय म्हणजे साधनेतले अडथळे सांगितलेत, व्याधीपासून अनवस्थितत्वापर्यंत. आळस, संशय लगेच ओळखू येतात. फसवा तो शेवटचा, हाती आलेली अवस्था न टिकणं. काल लाभलेली शांतता आज परत मिळवायला बसलं, की ती बैठक गेलीच म्हणून समजा. उपाय तिथेच दिलाय : एकाच तत्त्वाचा अभ्यास. म्हणून प्रणवजप, म्हणजे ओंकाराचा जप, तेवढा धरलाय. चक्रांवरची धारणा वगैरे तूर्त बंद.

यम-नियमांना, म्हणजे वागण्याच्या शिस्तीला, वहीत अर्धं पान ठेवलंय. आसनांची जंत्री ठेवणाऱ्यांनी हे करून बघाच. दुपारी चहाच्या टेबलावर कुणाची उणीदुणी काढली, तर दुसऱ्या पहाटे डोळे मिटल्यावर तेच आधी वर येतं. अहिंसा आणि सत्य आसनाच्या आधी का, याला वेगळा पुरावा लागत नाही.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी अभ्यासाची जागा वर्णिली आहे, बसलं की उठावंसंच वाटू नये अशी. माझ्या वाट्याला हॉलचा कोपरा आणि वर कुरकुरणारा पंखा. चालायचंच.

पुढच्या महिन्यात वेळ वाढवणार नाही. घोंगडीची एक घडी कमी करून पाहीन, गुडघे टेकलेले राहिले तर. स्वस्तिकासनावरून सिद्धासनाकडे कुणी गेलं असेल, तर त्यात जांघांच्या मधोमध टेकणाऱ्या टाचेच्या दाबाचं कसं जमवलंत ते जरूर सांगा.